तळघरातल्या मशीनचं लॉक

सकाळी वीज जाऊन आली आणि रेडिएशन विभागात एकच गोंधळ उडाला. कुणालाच लॉगिन करता येईना. पासवर्ड अगदी बरोबर, तरी सर्व्हर ओळख दाखवायला तयार नाही.

हॉस्पिटलचे युनिक्स सर्व्हर सांभाळायचं काम तिचं. विभागप्रमुख डॉक्टर म्हणजे तिचे सख्खे धाकटे दीर. घरही एकच, ते वरच्या मजल्यावर, ही खाली.

"वहिनी, पेशंट टेबलावर आहेत. अजून किती वेळ?"

"सर्व्हरचं घड्याळ मागे पडलंय, भाऊजी. वेळ जुळेपर्यंत तो कुणालाच आत घेणार नाही. झालंच आता."

तिनं घड्याळ जुळवलं, तसे सगळे भराभर आत शिरले. तिनं हुश्श केलं न केलं तोच टेक्निशियनची हाक आली. टेबलावरच्या बाईंची, किती डोस कुठून द्यायचा ते ठरवणारी फाइल उघडेना. दुसऱ्या मशीननं, म्हणजे कॉम्प्युटरनं, ती लॉक केली होती; तिथलं काम संपेपर्यंत ती इतरांना उघडणार नव्हती.

सर्व्हरवर बघितलं तर लॉक तळघरातल्या मशीनच्या नावावर. तिथे डोसचा हिशोब करणारे फिजिसिस्ट बसत. सगळे त्यांना गणितकाका म्हणत. तिनं नेटवर्कवरून त्या मशीनला हाक मारून पाहिली. काही उत्तर नाही. काकांचा फोनही नुसता वाजत राहिला.

"वीज गेली तेव्हाच बंद पडलं असेल ते," दीर म्हणाले. "लॉक तोडा."

"खाली जाऊन बघून येते. काकांचं काम अर्धवट असेल तर..."

"अहो वहिनी, घरी भाजी निवडतानाही तुमचं असंच चालतं. बाहेर रांग लागलीय!"

टेक्निशियन हसला. तिचे कान तापले. तिनं कमांड दिली आणि लॉक सुटलं. फाइल उघडली, उपचारखोलीचं जड दार बंद झालं, वर लाल दिवा लागला.

तिला जागेवर जाऊन बसता आलं असतं, पण पाय तिकडे वळेनात. ती जिना उतरून तळघरात गेली.

बॅटरीमुळे वीज जाऊनही मशीन ठणठणीत सुरू राहिलं होतं. बंद पडला होता तो भिंतीवरचा नेटवर्कचा डबा. स्क्रीनवर तीच फाइल होती, आणि मणक्याजवळच्या डोसचा आकडा बराच खाली आणलेला. सेव्ह करताना मशीन अडकून राहिलं होतं, म्हणजे वर उघडली ती जुनी, जास्त डोसची फाइल. शेजारी काकांचा फोन पडला होता.

ती धावत वर आली. "थांबवा! आधी थांबवा ते!"

टेक्निशियननं बटण दाबलं. तोवर त्या दिवसाचा निम्मा डोस देऊन झाला होता.

थोड्या वेळानं काका पलीकडच्या इमारतीतून बाईंचे जुने स्कॅन घेऊन आले. सगळं ऐकून म्हणाले, "लॉक माझ्याकडे आहे, कुणी हात लावणार नाही, या भरवशावर गेलो हो मी."

दिरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "निम्माच गेलाय. पुढच्या डोसांत कमी करून जुळवू. बाईंना उगाच घाबरवायला नको. आणि घरी हा विषय नको."

"लॉक मी तोडलंय, भाऊजी."

"मी सांगितलं म्हणून."

"मग दोघं जाऊन सांगू."

ते खुर्चीतून उठले नाहीत. ती एकटीच गेली.

बाई डोक्याला रुमाल बांधत होत्या. तिनं काहीही न लपवता सगळं सांगितलं. बाईंचा हात आपोआप मानेमागे गेला.

"म्हणजे मला काय होईल?"

"डॉक्टर म्हणतात, पुढच्या डोसांत जुळवता येईल. पण मी खात्री देऊ शकत नाही."

"सांगितलंत ते बरंच केलंत. पण आता त्या टेबलावर आडवं कसं व्हायचं मी?"

ती खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसली.

दुपारी तिनं घडलेलं सगळं वरिष्ठांना लेखी कळवलं आणि चौकशी लागली. संध्याकाळी दीर जेवायला खाली आले नाहीत.

"काय गं, भांडलात की काय?" सासूबाईंनी विचारलं.

"भांडण नाही," ती म्हणाली आणि पोळ्या वाढायला वळली. सासूबाईंनी धाकट्याचं ताट झाकून ठेवलं.