पलंगाशेजारची बाई

कॅमेरावाल्याने स्टुलावर चढून भिंगावरून मऊ फडकं फिरवलं आणि ते उजेडात धरून पाहिलं. जाळं नव्हतं, धूळही फारशी नव्हती. त्याला वाईटच वाटलं. रात्रीच्या कॅमेऱ्यात दिसणारी बहुतेक भुतं आठ पायांची असतात, हा त्याचा अनुभव होता. कोळी सापडला असता तर तो झटकून एव्हाना जेवायला गेला असता.

खाली पलंगावर म्हातारी तोंड उघडं टाकून दुपारची झोपली होती. तिची मुलगी स्टूल धरून उभी होती. धरून कसली, त्याच्याच आधाराने उभी होती.

"सापडलं का काही?" तिच्या हातातल्या फोनमधून तिचा मोठा भाऊ विचारत होता.

हा भाऊ परगावी असे. मध्यंतरी आई रात्री पलंगावरून पडली, तेव्हा बहीण झोपून राहिली असणार असं त्याने ठरवून टाकलं आणि हा कॅमेरा बसवून घेतला. पुन्हा असं झालं तर आईला वृद्धाश्रमात ठेवायचं, हेही बजावलं. बहीण फक्त "बरं" म्हणाली होती. आणि आता त्याच कॅमेऱ्यात त्याला पलंगाशी उभी असलेली पांढरी बाई दिसली होती.

"कोळी नाही, साहेब."

"मी सांगतोय ना, बाई होती! मोकळे केस, पांढरंफेक काहीतरी अंगावर, डोळे चमकत होते. आमच्या घरात असं कोणी नाही. हिला विचारलं तर म्हणते, मी खोलीतच होते, कोणी आलं नाही. म्हणजे झोपली होती ढाराढूर!"

बहिणीने फोनचा आवाज थोडा कमी केला. आई जागी होईल, असं ती कॅमेरावाल्याला हळूच म्हणाली.

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस, साहेब. बघतो." असली समजूत त्याने इतक्या घरांतून घातली होती की आता ती घालताना त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नसे.

खाली उतरून त्याने शिलाई मशीनच्या झाकणावर लॅपटॉप ठेवला आणि त्या रात्रीचं रेकॉर्डिंग लावलं. बहीण शेजारी येऊन वाकली. राखाडी खोलीत पलंगाशी एक पांढरी आकृती उभी होती. मान पुढे पडलेली, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. मधूनच तिचा हात म्हातारीच्या नाकाशी जाई आणि मागे येई. त्याने रेकॉर्डिंग पुढे ढकललं. बाई तिथेच. आणखी पुढे ढकललं. आता ती भिंतीला खांदा टेकत होती. तेवढ्यात दचकून पुन्हा ताठ झाली.

"अगं बाई! कोण ही?" बहीण म्हणाली. "पाठीला केवढा बाक आहे बिचारीच्या."

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच ओळख पटली नव्हती.

"त्याचं असं आहे, ताई," त्याने नेहमीची टकळी सुरू केली. "रात्री कॅमेरा स्वतःचा उजेड टाकतो, तो आपल्याला दिसत नाही. त्यात डोळे मांजरासारखे चमकतात. रंग तर कळतच नाहीत. काळं नायलॉन असलं ना, तर धुतल्यासारखं पांढरं..."

बोलता बोलता त्याची नजर बाल्कनीतल्या दोरीवर गेली. तिथे काळा गाऊन वाळत होता. तिनेही तिकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे. तिचा हात सावकाश स्वतःच्या मानेमागे गेला आणि ती सरळ उभं राहायला बघू लागली. पूर्ण जमलं नाही.

"काय झालं? बोला की!" फोन ओरडला.

कोळीच होता म्हणून सांगावं, असं त्याला क्षणभर वाटलं. या घरातून लवकर बाहेर पडता आलं असतं. पण मघाचं ते 'ढाराढूर' त्याला फार लागलं होतं, जणू त्यालाच कोणी बोललं होतं.

"ताई आहेत, साहेब."

"कोण ताई?"

"तुमची बहीण."

मग भावाचा आवाज खाली आला. "अगं, तू? काय करत होतीस तिथे?"

"श्वास बघत होते आईचा."

"इतका वेळ? रोज?"

"हो."

"मग खुर्ची घेऊन बसावं ना, वेडे!"

"बसलं की झोप लागते रे."

कॅमेरावाल्याने गुंडाळलेली वायर सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली. मग फोनमधून भाऊ त्याला म्हणाला,

"ऐका, तो कॅमेरा काढून टाका. आत्ताच्या आत्ता."

त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला, पण स्टुलावर बहिणीचा हात होता आणि ती तो काढेना.

"राहू दे, दादा," ती म्हणाली. "रात्री तू बघत असतोस. तेवढीच सोबत."



"मी रोज नाही गं बघत," भाऊ म्हणाला. "त्या रात्री झोप येत नव्हती, म्हणून जरा..."

"माहितीये मला," ती म्हणाली. "तरी राहू दे."