दोन बोटं जास्त

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी गोलच्या तोंडाशी चुन्याची रेघ मारताना माळ्याच्या यंत्राचं चाक एका ढेकळाला अडखळलं आणि दोन खांबांच्या मधोमध रेघ जाळीच्या बाजूला वाकली. अशा वेळी वाकलेला चुना खरवडायचा, पाण्याने धुवायचा, गवत वाळू द्यायचं आणि रेघ नव्याने मारायची, अशी रीत. पण बँडवाले तालमीसाठी फाटकाशी ताटकळले होते, मैदानाचे साहेब घड्याळ बघत होते. माळ्याने यंत्र मागे घेतलं आणि त्याच वाटेने पुन्हा सरळ फिरवलं. वाकडेपणा झाकला गेला. खांबांपाशी रेघ अगदी नियमात होती. मधे मात्र तिला पोट सुटलं होतं. माळ्याने हात लावून बघितलं. दोन बोटं जास्त.

"कोण मोजतंय?" असं स्वतःशीच म्हणून त्याने हात झटकले.

दुसऱ्या दिवशी बरोबरी झाली, जादा वेळ सुरू झाला, आणि घरच्या संघाच्या डावऱ्याने असा फटका मारला की चेंडू आडव्या बारच्या खालच्या अंगाला लागून सरळ खाली आला, नेमका त्या पोटावर टेकला आणि बाहेर उसळला. अख्खा चेंडू अख्ख्या रेघेपलीकडे गेला तरच गोल, असा नियम. लाइन्समनने मान हलवली. नाही. चार मिनिटांनी पाहुण्यांनी गोल केला आणि चषक घेऊन ते विमानात बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी, कोणी सांगायच्या आत, माळ्याने ती रेघ खरवडून टाकली.

त्याला आता एकेचाळीस वर्षं झाली. बायकोला त्याने सांगितलं नाही, ती गेली. लेकीला सांगितलं नाही. पण स्वयंपाकघरात लेकीच्या हातून पातेलं निसटलं, की तो पातेल्याकडे न बघता पायाखालच्या फरशीकडे बघायचा, चेंडू कुठे टेकला ते. पांढऱ्या चादरीची किनार तो रोज दोन बोटांनी मोजायचा आणि मोजून झाल्यावर हात पाठीमागे लपवायचा.

"बाबा, काही सांडलंय का?" लेक विचारायची.

"नाही गं. सवय."

आणि मग एका सकाळी टीव्हीवाली मुलगी आली. जगभरातल्या गाजलेल्या अंतिम सामन्यांवर ती कार्यक्रम करत होती.

"काका, तुमच्या त्या सामन्यातल्या चेंडूचा फोटो आम्ही कॉम्प्युटरवर मोजला," ती उत्साहाने म्हणाली. "जाळीमागून काढलेला. त्यात खांब नाहीत, पण चुना स्वच्छ दिसतो. चेंडू जेमतेम बोटभर रेघेवर होता. गोल नव्हताच! परवा मैदानावर डावऱ्यांना बोलावलंय. कॅमेऱ्यासमोर दाखवणार. तुम्हीही या ना, जुने लोक म्हणून."

"त्याला माहीत आहे?"

"छे! तीच तर मजा आहे."

बोटभर. माळ्याने आपली दोन बोटं बघितली आणि एक मिटलं. रेघेला पोट नसतं, तर चेंडू बोटभर पलीकडे असता.

डावऱ्याचं कुलपं दुरुस्त करायचं दुकान होतं. त्या रस्त्याने माळी शेकडो वेळा गेला होता, दर वेळी पलीकडच्या बाजूने. येणारंजाणारं कोणीही डावऱ्याला डिवचायचं, "काय हो, आत होता का?" आणि तो मान वर न करता म्हणायचा, "आत होता." एकेचाळीस वर्षं. लोक कपाळाशी बोट फिरवून पुढे जायचे.

माळ्याने खिशातून कपाटाचं कुलूप काढून त्याच्यासमोर ठेवलं. डावऱ्याने ते दोनदा उघडलं, दोनदा लावलं.

"याला काय धाड भरलीय? लोण्यासारखं चालतंय."

"मी मैदानावर माळी होतो," माळी म्हणाला. "त्या दिवशीची रेघ मी मारली होती." आणि मग ढेकळापासून खरवडण्यापर्यंत सगळं त्याने एका दमात सांगून टाकलं. फोटोचंही.

डावऱ्याने त्याचा हात धरला, दोन बोटं काउंटरवर टेकवली आणि शेजारी पट्टी ठेवली. त्याने आकडे वाचले, पुन्हा वाचले. आता हा मारणार, असं माळ्याला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"लाइन्समन गेला, माहीत आहे?" डावरा म्हणाला. "त्याने मला पत्र लिहिलं होतं. 'मी जे पाहिलं तेच सांगितलं.' मी ते फाडून त्याच पाकिटातून त्याला परत पाठवलं. चोर म्हटलं त्याला, भेटेल त्याच्यापाशी. आणि त्याने तर बरोबर पाहिलं होतं रे."

"चूक माझी आहे."

"तुझी तुझ्यापाशी. ही माझी आहे. काल रात्रीपर्यंत मी सुखाने झोपत होतो, गाढवा." त्याने कुलूप परत केलं. "परवा ये. पळालास तर घरी येईन."

मैदानावर ऊन होतं. मुलीने पडद्यावर फोटो दाखवला, बोटभर अंतरावर लाल खूण केली आणि डावऱ्यासमोर माईक धरला.

"लाइन्समन बरोबर होता," डावरा म्हणाला. "मी त्याला जन्मभर शिव्या दिल्या. माफी मागायला तो उरला नाही." मग त्याने माळ्याकडे हनुवटी उडवली. "आता याचं ऐका."

माळी पुढे आला. बोलला. ढेकूळ, बँड, दुसरी फेरी, पोट. एक शब्द गाळला नाही. मुलीचे डोळे भरून आले. तिने त्याचा हात हातात घेतला.

"काका, मित्रासाठी एवढं! किती मोठं मन तुमचं."

"मित्र नाही तो माझा. परवा पहिल्यांदा बोललो त्याच्याशी."

"बरं, काही पुरावा? एखादा फोटो, कोणी पाहिलेलं?"

"होता पुरावा. मीच खरवडला."

तिने हळूच कॅमेरावाल्याला खूण केली. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा गेला. "हे आपण नको घेऊया," ती हलक्या आवाजात म्हणाली. "लोक हसतील हो तुम्हाला. तुम्ही बसा, चहा सांगते."

"खरं आहे ते!" माळी ओरडला. त्याचा आवाज रिकाम्या बाकांवरून फिरून आला. कॅमेरावाल्याने समजूतदारपणे मान डोलावली.

डावरा गवतावर बसून हसत होता. चांगलं नव्हतं ते हसणं. "आलं ध्यानात? तू खरं सांगायचंस आणि त्यांनी मान डोलवायची. हेच खाल्लंय मी एकेचाळीस वर्षं."

"मग तू काय करायचास?"

"परत सांगायचो."

माळ्याने घसा खाकरला आणि तो मुलीकडे वळला. ती पाठमोरी, खाली वाकून वायर गुंडाळत होती.

"ताई," तो म्हणाला, "त्या दिवशीची रेघ मी मारली होती."