जाळीखालचा गाळ

माझ्या भावोजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, माणसांशी दोन शब्द बोलायला सुचत नाहीत, पण माशांसमोर त्यांच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही. मासे तरी कसले, तर लोच. गांडुळासारखे लांबट, अंगावर पट्टे आणि दिवसभर वाळूत तोंड खुपसून पडलेले. पाहुणा टाकीसमोर बसला की त्याला पाणी दिसतं, दगड दिसतात आणि काचेपलीकडे भावोजींचा आशाळभूत चेहरा दिसतो.

घरच्या टाकीत लोचची पिल्लं होणं महाकठीण, असं ते येईल त्याला ऐकवतात. ते करून दाखवायचं म्हणून त्यांनी घरातली एकुलती एक उजेडाची खोली अडवली आणि तिला जाड पडदे लावले. उजेडाला म्हणे माद्या बिचकतात. त्या खोलीत माझी ताई लोकांचे कपडे शिवायची. आता तिचं मशीन स्वयंपाकघराच्या दारात आलंय. काळ्या कापडावरची शिवण ती बोटांनी चाचपते, चुकली की उसवते. गिऱ्हाइकं एकेक करून तुटली. घरात मिक्सर लावायचा नाही, पाय आपटायचे नाहीत. ताईच्या सासूबाई आजारी होत्या तेव्हा या गृहस्थाने रेडिओसुद्धा बारीक केला नव्हता.

शेवटी घरात वादावादी झाली आणि त्यांनी शब्द दिला: उन्हाळा संपेपर्यंत पिल्लं झाली नाहीत तर टाकी काढतो.

मी गेले तो मुदतीचा शेवटचा रविवार होता. भावोजी स्टुलावर बसून टाकीच्या तळाशी बसवलेल्या जाळीखालचा गाळ नळीने बादलीत ओढत होते. स्वच्छतेचं यांना वेड. माद्यांची पोटं अंड्यांनी टच्च भरतात, मग एक दिवस रिकामी होतात, आणि अंडी कुठे जातात देव जाणे, असं ते मला रडवेल्या सुरात सांगत होते. ताई बादली उचलून मोरीत गेली. तिला हात द्यायला मीही गेले.

गाळात काहीतरी वळवळत होतं. वाकून पाहिलं तर दोऱ्याच्या तुकड्यांएवढी पिल्लं, अंगावर आईबापांसारखेच पट्टे. अंडी जाळीतून खाली पडत होती, पिल्लं गाळात वाढत होती, आणि हा महापंडित दर रविवारी त्यांना स्वतःच्या हाताने उपसून देत होता. मला हसू आवरेना.

"ताई, अगं ही पिल्लं."

"हळू बोल."

"तुला माहीत होतं?"

"केव्हाचंच."

"मग सरळ खोली मागायची होतीस ना."

"मागितली होती. म्हणाले, दारात काय वाईट आहे, वारा तरी येतो."

बाहेरून भावोजींनी विचारलं, "काही दिसतंय का गं? नीट बघ हं. मला चष्म्यातूनही धड दिसत नाही, तुझ्याच डोळ्यांचा भरवसा आहे."

अंधारात शिवायला लावून ज्या डोळ्यांची वाट लावली, त्यांच्यावर या माणसाचा भरवसा.

"गाळ आहे नुसता," ताई म्हणाली.

तिने बादली कलंडली. बाहेरून भावोजींनी नाक ओढल्याचा आवाज आला. "बरं. शब्द म्हणजे शब्द. उद्या काढू टाकी." मला त्यांची कीव आली, आणि कीव यावी याचाच जास्त संताप आला.

एक पिल्लू मोरीच्या भोकाशी चिकटून वळवळत होतं. ताईने ते बोटाने आत ढकललं आणि वरून नळ सोडला.