पडद्यावरची दोन नावं

टीव्हीमागे हात घालून तो केबलचं टोक चाचपत होता. कपाळ भिंतीला टेकलेलं. तसं टेकून बरं वाटत होतं, म्हणून त्यानं ते गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ तिथं ठेवलं.

"सापडलं का हो?" मागून सासूबाईंनी विचारलं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या लेकीकडे राहायला आल्या होत्या आणि खुर्चीत बसल्या बसल्या सगळ्या घराची चौकशी करत होत्या.

"सापडलं, आई."

"नाही म्हटलं, बराच वेळ आवाज नाही. भिंतीनं जावई गिळला की काय."

तो हसला. स्वयंपाकघरात भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. बायकोला असल्या गप्पा नको असायच्या.

लग्न मोडलं होतं आणि ते आईला सांगायचं राहून गेलं होतं. आधी ऑपरेशन होतं, मग टाके, मग व्यायाम. तोवर त्याची बाहेरगावी बदली झाली होती आणि रजा मिळाली की तो येत होता, असं आईला सांगायचं ठरलं होतं. खरं तर तो याच शहरात, नदीपलीकडे एका खोलीत राहत होता. दिवसभर लिफ्ट दुरुस्त करून इकडे यायचं ते प्रवासातून आल्यासारखं बॅग घेऊनच, असं तिनं बजावलं होतं. बॅगेत निदान एखादा टॉवेल असू दे, असंही.

आज बॅगेत टॉवेलाखाली दोघांनी मिळून जमवलेले सगळे सिनेमे होते. वाटणीच्या वेळी फ्रिज, गाद्या, भांडी, सगळं बिनबोभाट पार पडलं. डीव्हीडींच्या कपाटापाशी मात्र दोघंही अडले. मग त्यानंच सुचवलं, एकेक सिनेमा उतरवून घेऊ, दोघांना एकेक हार्ड डिस्क. कामावरून आलं की तेच. तबकडी घालायची आणि वाट बघत बसायचं. एका परीनं बरं होतं, संध्याकाळ सरायची.

त्यानं हार्ड डिस्कची काळी डबी टीव्हीला जोडून रिमोट दाबला. सिनेमांची चित्रं भराभर पडदाभर पसरली.

"अगंबाई, अख्खं थिएटरच आणलंत की! पण तो घोडेवाला दोनदा का दिसतोय?"

"एका सिनेमाला दुसऱ्याचं चित्र लागलंय. बदलतो."

ते झाल्यावर पडद्यानं विचारलं, कोण कोण बघणार? त्यानं बायकोचं नाव टाकलं. मग 'आई' टाकलं. तिसरा चौकोन रिकामा होता. त्यानं स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं आणि स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर दाबलं.

"तुझं राहू दे," सासूबाई हळूच म्हणाल्या.

तो वळला. इतक्या वर्षांत त्यांनी त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

"आई, मी रजेवर आलो की..."

"स्वतःच्या घरात माणूस पाणी मागून पीत नाही, बाळा. तू दर वेळी मागतोस."

त्या आणखी आवाज उतरवून म्हणाल्या, "तिला बोलू नकोस. लपवता लपवता दमलीये पोर. मला कळलंय म्हटलं तर एवढी धडपड फुकट गेली असं वाटेल तिला."

"आणि तुम्ही?"

"मला काय, बसूनच तर असते."

त्यानं टाकलेलं अक्षर खोडलं.

चहाचा ट्रे घेऊन बायको आली ती दारातच थांबली. पडद्यावर दोन नावं होती. त्यानं पुढचं बटण दाबायला हवं होतं. ते राहून गेलं.

"दोनच?" तिनं विचारलं.

सासूबाई मांडीवरच्या नॅपकिनची घडी मोडून पुन्हा घालू लागल्या. त्याच्याकडे, मग आईकडे पाहत तिनं ट्रे खाली ठेवला आणि सोफ्याच्या कडेवर बसली.

"आई, त्याची बदली झालेली नाही."

"बरं."

"तो नदीपलीकडे राहतो. कधीचाच. आम्ही आता..."

"बरं, बरं. चहा घे आधी. तूही घे रे."

तिघंही चहा पिऊ लागले. मग सासूबाई म्हणाल्या, "आता लावा काहीतरी. रडारड नसलेलं."

त्यानं एक विनोदी सिनेमा लावला. पहिल्याच गोंधळाला सासूबाई खळखळून हसल्या. बायको हसली नाही. तिची मान कलली होती, अर्धा कप हातातच होता. त्यानं उठून तिच्या बोटांतून कप सोडवून घेतला, आवाज कमी केला आणि बॅग उचलायला वाकला.

"निजू दे तिला," सासूबाई कुजबुजल्या. "कित्येक दिवसांत अशी झोपली नाही."

"मी पण नाही," तो म्हणाला.

सासूबाईंनी पाठीमागची उशी ओढून काढली आणि त्याच्यापुढे धरली.