पुसलेला दोर

बोर्निओतल्या किनाबातांगान नदीच्या फाट्यावरची झाडं तुटली, तेव्हा ओरांगउटानांना पलीकडे जाता यावं म्हणून मी आणि मेव्हण्याने दोन दिवस फांद्यांना लोंबकळत काठापासून काठापर्यंत दोर बांधला. माझा भाचा जुनैदी तीन महिने नावेत बसून राहिला आणि मधोमध झुलणारी मादी त्याने कॅमेऱ्यात टिपली. काल लॅपटॉपवर तो फोटो दाखवला. केसन् केस स्पष्ट, मागे निळंशार आभाळ.

"दोर कुठाय रे?"

"पुसला, मामा. जंगली वाटत नव्हता."

"मग ही कशाला धरून आहे?"

जुनैदीने स्क्रीन जवळ ओढली. "असं जास्त कलात्मक दिसतं."

"दिसणारच. आता नाव घेऊन नदीवर जा, आणि तिलाही सांगून ये, उद्यापासून असंच यायचं."