शमुवेलकाकांचा पाय

सत्यजीत पाटोळे शवपेटी व्हरांड्यात टेकवून वॉर्डात शिरला, तेव्हा मयत भाकरीवर शेंगदाण्याची चटणी पसरत होतं.

"या भाऊ, सलाम," मयत म्हणालं. "आज मधल्या वारी कसं काय?"

सत्यजीतने दाराची चौकट धरली. सकाळीच दौंडला चर्चच्या पाळकसाहेबांच्या घरी शिरूरच्या दवाखान्यातून फोन आला होता, शमुवेलकाका गेले म्हणून. पाळकसाहेबांनी टेम्पो ठरवला, पेटी चढवली आणि सत्यजीतला पुढे बसवलं. दर रविवारी काकांना भेटायला जाणारा अख्ख्या मंडळीत तो एकटाच होता. न्हावऱ्यापर्यंत तो रीतसर रडलाही होता. आणि आता काका कप्पीला टांगलेल्या पायानिशी त्यालाच जेवायला बोलवत होते.

"काका, तुम्ही... तुम्ही गेलात ना?"

"मी कुठं जातोय? पायाला इटा बांधल्यात."

एवढं बोलून म्हाताऱ्याने शेजारच्या कॉटकडे पाहिलं. तिथली गादी गुंडाळून ठेवली होती. मग त्याने भाकरी खाली ठेवली.

"बसा भाऊ. मी शमुवेल न्हाई. मी पोपट, केंदूरचा. शमुवेल म्हंजी हे हिकडचे."

घोटाळा साधा होता. दौंडच्या मंडळीत जुन्या माणसांना दोन नावं असतात. एक बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेलं आणि दुसरं सरकारी कागदावर राहून गेलेलं. सत्यजीतचे वडीलच चर्चमध्ये तीमथ्य होते आणि रेशनकार्डावर तात्याबा. त्यामुळे वडगाव रासाईच्या, एरवी कधी न पाहिलेल्या शमुवेलकाकांना शोधत तो पहिल्यांदा या वॉर्डात आला आणि कुठल्याच कॉटच्या पाटीवर शमुवेल दिसला नाही, तेव्हा तो मुळीच गडबडला नाही. एका पाटीवर पोपट होतं, शेजारच्या पाटीवर कोंडिबा. सत्यजीत म्हणजे रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जन्म गेलेला माणूस. चिठ्ठी फाटलेला मालसुद्धा तो बरोबर धन्याकडे पोचवायचा. काकांना काय झालंय हे विचारून घ्यायचं राहिलं होतं, तेव्हा ज्याचा पाय आभाळाकडे, तोच आपला, असं त्याने ठरवलं.

"शमुवेलकाका तुम्हीच ना?" त्याने विचारलं होतं.

पोपटने एकदा शेजारी पाहिलं आणि "व्हय" म्हणाला.

तेव्हापासून दर रविवारी उपासना आटोपली की सत्यजीत एस.टी.ने शिरूर गाठायचा. काकांबद्दल त्याला माया नव्हती असं नाही, पण चर्चच्या पंचांची निवडणूकही जवळ आली होती. तो बिस्किटं द्यायचा, स्तोत्र वाचायचा, टांगलेल्या पायावर हात ठेवून प्रार्थना करायचा आणि पुढच्या रविवारी चर्चमध्ये उभा राहून सांगायचा, "काकांचा पाय बरा होतोय." काकांना छातीचं दुखणं आहे एवढंच पाळकसाहेबांना ठाऊक होतं. त्यांना वाटलं, त्यात आता पायाचीही भर पडली. सगळी मंडळी डोळे मिटून पायासाठी प्रार्थना करत राहिली. काका छातीने गेले.

"पण तुम्ही हो का म्हणालात?" सत्यजीतचा आवाज चढला. "आणि त्यांनी का नाही सांगितलं?"

"त्येंनीच डोळ्यानं खुणावलं, व्हय म्हण म्हणून." पोपट चादरीची दशी ओढत बोलत होता. "तीन लेकं हायत मला, एक बी फिरकलं न्हाई. आदल्या दिशी रडलो हुतो जरा, त्ये त्येंनी बघितलं आसंल. तुमी गेल्यावर मी बिस्कुटाचा पुडा त्येंच्याकडं सरकवला. म्हणलं, काका, तुमचा माल हाय हा. तर म्हणले, ऱ्हाऊ दे. माझ्याकडं येणारा हाय."

"कोण येणार होतं?"

"मी बी इचारलं. नुसतं हसले. मला वाटलं, भाचाबिचा आसंल."

सत्यजीतने गुंडाळलेल्या गादीकडे पाहिलं.

"आमेन कुठं म्हणायचं त्ये बी त्येच सांगायचे," पोपट म्हणाला. "मागनं हळूच."

ते सत्यजीतने दर रविवारी ऐकलं होतं. शेजारचा म्हातारा खोकतोय असं त्याला वाटायचं. एकदा तर प्रार्थनेत व्यत्यय येतो म्हणून त्याने "आबा, जरा दमानं" असंही म्हटलं होतं. आणि बसायला स्टूल नसायचं, म्हणून "आबा, पाय घ्या जरा" म्हणत तो बसायचा त्यांच्याच कॉटवर. त्यांच्याकडे पाठ करून.

खालच्या खोलीत चादर बाजूला केली, तेव्हा त्याने काकांचं तोंड पहिल्यांदा नीट पाहिलं.

दौंडला दफनाच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले, "शमुवेलकाकांना रक्ताचं कोणी नव्हतं. पण सत्यजीतभाऊंनी एक रविवार चुकवला नाही. ते दोन शब्द बोलतील."

सत्यजीत पुढे झाला. सगळं सांगून टाकायचं असं त्याने टेम्पोतच ठरवलं होतं. पंचकी हुकली तर हुकली.

"मी काकांच्या कॉटवर बसायचो," तो म्हणाला.

शांताबाई मिसाळांनी पदर डोळ्यांना लावला.

"मी त्यांना ओळखलंच नाही हो."

"खरं आहे," पाळकसाहेब म्हणाले. "आपण कोण कोणाला ओळखतो?"

"नाही, नाही! मी दुसऱ्याच माणसाची सेवा केली. भलत्याच!"

"त्या परक्या माणसात प्रभूच असतो, भाऊ," पाळकसाहेब म्हणाले. मंडळी एका सुरात "आमेन" म्हणाली. कोणीतरी पाठीवरून हात फिरवून त्याला मागे नेलं. इतका नम्र माणूस दौंडात झाला नाही, असं परतताना जो तो म्हणत होता. पुढच्या रविवारी तो बिनविरोध पंच झाला. घरी बायको सुलक्षणाला त्याने सगळं पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "जेवा आता. किती मनाला लावून घेता?"

त्या दुपारी तो पांढऱ्या कडक इस्त्रीच्या शर्टात शिरूरला गेला. काकांच्या कॉटवर कोणी नवा म्हातारा भिंतीकडे तोंड करून झोपला होता. मंडळीने आपल्याला पंच केलं, असं पोपटला सांगून सत्यजीत उभाच राहिला. पोपट चादर मुठीत धरून पडला होता. कपाळावर घाम आला होता आणि दात आवळलेले होते.

"पाय दुखतोय का?"

"न्हाई."

"मग?"

पोपटने तोंड फिरवलं. "भाऊ, लाज वाटती सांगायला. सकाळपास्नं वॉर्डबॉय आला न्हाई. कॉटखाली भांडं हाय, भरलंय. आन् आता..."

"एरवी कोण नेतं?"

"रोजचं काका न्यायचे. खोकत खोकत, भिताडाला धरून जायाचे. म्या नगं म्हणलं तरी."

सत्यजीत खाली वाकला. भांडं त्याने दोन्ही हातांनी उचललं. वास आला, आणि आपण तोंड वाकडं केलं हे पोपटला दिसलं, हेही त्याला कळलं. दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं. व्हरांड्यातून जाताना शर्टाला लागू नये म्हणून त्याने हात लांब धरले. मग हात भरून आले आणि भांडं अंगाजवळ घ्यावं लागलं.

नळाला पाण्याची धार बारीक होती. भांडं कसं धुवायचं हेही त्याला नीट ठाऊक नव्हतं. पुन्हा पुन्हा विसळून ते घेऊन तो परत आला. पोपटला आधार देऊन त्याने भांडं सरकवलं आणि पाठ फिरवून उभा राहिला.

शेजारच्या कॉटवरचा नवा म्हातारा कूस बदलून त्याच्याकडे बघत होता.

"ओ वॉर्डबॉय," तो क्षीण आवाजात म्हणाला, "हितलं झालं की हिकडं बी या."

पोपट मागून ओरडला, "आरं, त्ये वॉर्डबॉय न्हाईत! पंच हायत त्ये, दौंडचे!"

"गप बसा, पोपटराव," सत्यजीत म्हणाला आणि बाह्या दुमडू लागला.