फक्कीची रेघ

रक्षिताच्या आईने लाल मारुतीच्या पुढच्या दोन्ही चाकांना टेकवून एकेक लिंबू ठेवलं, बोनेटला हळद-कुंकू लावलं आणि पदर सावरत ती दोरीपलीकडे गेली. कृष्णात गुडघ्यांवर हात टेकून खाली वाकला. त्याने आधी लिंबाकडे पाहिलं, मग रेघेकडे. चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ चाकापासून चांगली चार बोटं पुढे होती.

आज रेघेवरचा पंच तो होता. झेंडा पडायच्या आधी चाक रेघेवर गेलं, तर त्याने दहा सेकंदांचा दंड लिहायचा, आणि त्याने लिहिलं की पुढे दाद नाही. या माळावर गाड्या एकेकट्या सुटत, शर्यत घड्याळाशी. तिथे दहा सेकंद म्हणजे खेळ खलास.

चौऱ्याण्णव साली याच रेघेवर मल्लाप्पा पंच होते आणि स्टिअरिंगवर कृष्णात. त्याच्या थोरल्या बहिणीने, आक्काने, असंच लिंबू ठेवलं होतं. ते झेंड्याआधी फुटलं. चाक रेघेच्या मागेच होतं, पण मल्लाप्पांनी रेघेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "लिंबू फुटलं म्हंजे गाडी हालली," एवढंच म्हणाले आणि दहा सेकंद चढवले. कृष्णात सहा सेकंदांनी हरला. शिरोळच्या गाडीमालकाने त्याच संध्याकाळी किल्ली काढून घेतली. त्यानंतर त्याच्या हाती कुणी गाडी दिली नाही. तो शाहूपुरीतल्या गॅरेजात काम करायचा, तिथे लोकांनी त्याला नाव पाडलं, लिंबूटिंबू. गिऱ्हाइकंसुद्धा दारातून हाक मारत, "लिंबूटिंबू हाय का आत?"

दहा वर्षं हे त्याच्या पोटात होतं. विसरायचं त्याने कधी मनावरच घेतलं नाही. पंचाची परीक्षा दिली, तीन वर्षं उन्हात झेंडे धरले, ते या एका दिवसासाठी. मल्लाप्पांची लेक रक्षिता गाडी पळवायला लागली असं कळलं, त्या दिवशी त्याने सगळ्या गॅरेजाला चहा पाजला होता.

रक्षिताने हँडब्रेक ओढून ठेवला, रेस वाढवली, क्लच अर्धा सोडला. गाडी जागच्या जागी थरथरली आणि किंचित पुढे ओढली गेली. उजवीकडचं लिंबू फुटलं. रस कृष्णातच्या बुटावर उडाला. चाक रेघेच्या अलीकडेच होतं, दोन बोटं तरी. मग झेंडा पडला आणि गाडी धुरळा उडवत निघून गेली.

कृष्णातला हसू आवरेना. तेच लिंबू, तीच रेघ. देवाने ताट वाढून समोर ठेवलं होतं.

रक्षिताची गाडी शेवटची होती. घड्याळ बाबालालकडे होतं. त्याने दोनदा आकडा तपासला.

"चार सेकंदानं पयली," तो म्हणाला. "आता तुझा दंड सांग. लिंबू समद्यांनी बघितलंय."

कृष्णातने पेन उघडलं. तेवढ्यात दोरीखालून वाकून मल्लाप्पा आत आले. भोवतीची माणसं बाजूला सरली. गयावया करायला आले असणार, असं कृष्णातला वाटलं. घाई नको म्हणून त्याने पेन तसंच धरून ठेवलं.

"दहा लिही," मल्लाप्पा म्हणाले.

"अण्णा, तुमची पोरगी हाय."

"असू दे की. लिंबू फुटलं. तवा तुला दिलतं, आज हिला. न्याय समद्यांस्नी सारखा."

रक्षिता हेल्मेट काढून धावत आली. "आप्पा, गाडी रेघंच्या मागंच हुती!"

"तू गप."

आवाज करारी होता. पण मल्लाप्पा लेकीकडे बघत नव्हते. त्यांची नजर पेनाच्या टोकावर खिळली होती आणि हातातल्या टोपीचा पार चोळामोळा झाला होता. कृष्णातने ते पाहिलं आणि त्याला सगळं लख्ख कळलं. आज दहा लिहिले, की चौऱ्याण्णवचे दहाही कायमचे खरे ठरणार होते. तेवढ्यासाठी म्हातारा पोटच्या पोरीचा कप द्यायला तयार होता.

त्याने दंडाच्या रकान्यात शून्य लिहिलं, खाली सही ठोकली.

"दंड न्हाय," तो पार दोरीपलीकडे ऐकू जाईल असा बोलला. "चाक रेघंच्या मागं हुतं."

"आणि लिंबू?" मल्लाप्पांनी विचारलं.

"लिंबू फुटतंयच, अण्णा. क्लच सोडला की फुटतंय. त्याला कोण दंड लावतंय व्हय?"

मागून कुणीतरी खुसखुसलं. मग जुन्या माणसांपैकी कुणीतरी कृष्णातच्या नावाने शिट्टी मारली. मल्लाप्पांनी टोपी डोक्यावर घालायचा प्रयत्न केला, ती नीट बसेना.

बक्षीस घेऊन रक्षिता थेट बापाकडे आली आणि तिने कप त्यांच्या हातात दिला. नको म्हणायला त्यांना जागाच उरली नव्हती.

"दारासमोरच्या फळीवर ठेवा, अण्णा," कृष्णात अदबीने म्हणाला. "येता-जाता दिसंल."

मल्लाप्पा कप घेऊन मान खाली घालून गाडीकडे चालू लागले. बाबालालने कृष्णातच्या पाठीवर थाप मारली.

"मनानं मोठा हाईस लेका. माफ केलंस त्यास्नी."

"माफ?" कृष्णात म्हणाला, आणि बुटावरचा वाळलेला रस पुसायला खाली वाकला.